प्रश्नासकट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. खटखटबाई ती पायरी सव्वीस वर्षं रोज चढत होती, सकाळी साडेदहाला वर आणि संध्याकाळी सहाला खाली, तेव्हा तिच्या शहाणपणाबद्दल काय बोलायचं! कोर्टात ती लघुलेखिका होती. पण लघुलेखिका हा शब्द फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी अख्ख्या इमारतीत तिचं नाव खटखटबाई, कारण तिची बोटं कीबोर्डवर अशी आपटायची की शेजारच्या कोर्टातून निरोप यायचा, बाईंना जरा हळू म्हणावं, आम्हाला इथे साक्षीदार ऐकू येत नाही.

तिचं काम ऐकायला सोपं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. वकील विचारतो, तो उत्तर देतो. न्यायाधीश दोघांचं ऐकतात आणि मग आपल्या शब्दांत एक स्वच्छ, इस्त्री केलेलं वाक्य सांगतात. ते वाक्य बाईने वहीत उतरवायचं, मधल्या वेळात आणि जेवणाच्या सुट्टीत टाइप करायचं आणि दुपारी त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार रडू दे, अडखळू दे, तळतळाट करू दे, कागदावर उतरणार ते असं: "मी दुपारी अडीच वाजता तेथे होते हे म्हणणे खरे आहे." प्रश्न कागदावर नाहीच. नुसतं उत्तर. आणि साक्षीदार स्त्री बोललीच नाही तर एक ठरलेलं वाक्य होतं: "साक्षीदार यावर गप्प राहिली." कशावर गप्प राहिली, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. समजून घेणारे काय समजायचे, ते बाईला चांगलं माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी एका शाळेतल्या शिपाईबाईवरच्या अत्याचाराच्या खटल्यात हेच वाक्य तिने चार वेळा टाइप केलं होतं. तीन महिन्यांनी निकालही तिनेच टाइप केला. त्यात आलं, "महत्त्वाच्या प्रश्नांवर साक्षीदाराने पाळलेले मौन पुरेसे बोलके आहे." आरोपी सुटला. ते महत्त्वाचे प्रश्न काय होते ते सांगायला कागदावर एक अक्षर नव्हतं. बाईला मात्र सगळे आठवत होते. त्यातला एक अंतर्वस्त्रांच्या रंगाबद्दल होता. निकालाचं शेवटचं पान छापून झालं तेव्हा बाई हात धुवायला गेली ती दहा मिनिटं नळाखाली हात धरून उभी. मी फक्त टाइप करते, ती स्वतःला म्हणाली. आपण बरं, आपलं काम बरं. असं म्हणणाऱ्यांनीच तर जगाची वाट लावली आहे, पण तिलाही पोट होतंच.

आणि मग गेल्या वर्षी कायदा बदलला. बायांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत पुराव्याचे नियमच नवे आले. तक्रार करणारीच्या आधीच्या आयुष्याबद्दल, कोणाबरोबर राहायची, किती जणांना ओळखायची, असले प्रश्न लेखी परवानगी घेतल्याशिवाय विचारायचे नाहीत. तरीही कोणी विचारलाच, तर प्रश्न शब्दशः नोंदवायचा, मग त्यावर उत्तर असो वा नसो. साक्षीदाराच्या गप्प राहण्यावरून तिच्याविरुद्ध काही ठरवायचं नाही. परिपत्रक आलं तेव्हा त्याच्या चाळीस प्रती बाईनेच काढल्या. एकोणिसाव्या प्रतीपर्यंत तिला ते पाठ झालं. चाळीसही प्रती चाळीस टेबलांवर गेल्या आणि तिथून कपाटांत.

"कायदा बदलला म्हणजे कोर्ट बदललं असं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. तो बस डेपोत मेकॅनिक होता आणि त्याला इंजिन बदलूनही न सुधारणाऱ्या गाड्या माहीत होत्या. "काय करतात माहितीये? प्रश्न विचारू देतात. साहेब फक्त तो लिहायला सांगत नाहीत. लिहिलाच नाही, तर विचारला कुठे? उंदराला मांजर साक्ष!"

"तू काय करणार?"

"मी काय करणार? मी टायपिस्ट."

"हे चांगलं लक्षात ठेव," तो पावाला लोणी लावता लावता म्हणाला. "चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. घरी जे तोंड चालवतेस ते तिथे चालवलंस तर न्यायाधीशच राजीनामा देतील."

"दिला तर तोही मीच टाइप करीन," बाई म्हणाली आणि डबा उचलून निघाली.

त्या दिवशी इस्त्रीवालीची साक्ष होती. चोवीस वर्षांची मुलगी. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने चट्टे. आरोपी तिथला मुकादम. दुपारच्या पाळीत, धुतलेल्या चादरींच्या गोदामात, दार लावून. मुकादम समोरच बसला होता, नव्या शर्टात, सासुरवाडीला आल्यासारखा.

त्याचा वकील म्हणजे गोडबोल्या. हे नावही इमारतीनेच ठेवलेलं. आवाज कधी चढवायचा नाही, बोट कधी रोखायचं नाही. साक्षीदाराला पाणी हवं का, खुर्ची हवी का, आधी विचारायचा. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

"ताई, घाबरू नका हं," त्याने सुरुवात केली.

"मला ताई म्हणू नका," इस्त्रीवाली म्हणाली.

तासभर तिने सगळ्याची उत्तरं दिली. दार कुठल्या बाजूला उघडतं, चादरींची थप्पी किती उंच, ओरडली तर यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं असतं का. मुलगी खणखणीत बोलत होती. बाईची पेन्सिल पळत होती, आणि मनात ती म्हणत होती, शाब्बास, शाब्बास गं पोरी. मग गोडबोल्याने चष्मा काढला, पुसला आणि आवाज आणखी मऊ केला.

"तुम्ही आधी एका ड्रायव्हरबरोबर राहत होता ना? लग्न झालं होतं? नव्हतं झालं. असू दे, असू दे. आणि त्याच्याआधी कोणी होतं का? म्हणजे एकूण किती? अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

खोलीत कोणीतरी खाकरलं. सरकारी वकील पुढच्या खटल्याची फाईल चाळत होता; त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. इस्त्रीवालीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कानापासून मानेपर्यंत ती लाल झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! इतका वेळ जिने पिंजऱ्याचा कठडा हलकेच धरला होता, तिची नखं आता लाकडात रुतली होती.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी त्यांच्यापुढे चौसष्ट प्रकरणं होती आणि त्यांना प्रत्येक प्रकरण म्हणजे वाटेतला दगड वाटायचा. "हं. घ्या बाई," ते म्हणाले, "साक्षीदार यावर गप्प राहिली. पुढे चला."

"मी तो प्रश्न मागे घेतो, साहेब," गोडबोल्या नम्रपणे म्हणाला. "माझं पुष्कळ बाकी आहे. दुपारी आणखी दीडेक तास लागेल."

प्रश्न मागे घेतला. गप्प राहणं मात्र कागदावर ठेवलं, आणि सुट्टी होईपर्यंत पाळीच्या वेळांबद्दल किरकोळ विचारत राहिला. चोर तो चोर, वर शिरजोर!

जेवणाच्या सुट्टीत बाईने डबा उघडलाच नाही. वही समोर धरून ती टाइप करत सुटली. आता तिच्या वहीची एक गंमत होती. साहेब सांगतील तेवढंच लिहायचं हा नियम, पण सव्वीस वर्षांत हाताला असं वळण लागलं होतं की कानावर पडेल ते सगळं पेन्सिल उतरवायची. प्रश्न, उत्तर, खोकला, शिपायाचा पुकारासुद्धा. टाइप करताना ती नको ते गाळायची. आज सातव्या पानावर येऊन तिची बोटं थांबली. लघुलिपीच्या तीन ओळींत गोडबोल्याचा प्रश्न जसाच्या तसा पडला होता, त्या "अंदाजे"सकट.

टाकू का? गुपचूप? कोण बघतंय?

पण बाई काही दुधखुळी नव्हती. साहेबांनी न सांगितलेला शब्द तिने जबाबात घुसवला, तर उद्या हाच गोडबोल्या उभा राहून म्हणणार, कागदात फेरफार झालाय, सगळा जबाबच रद्द करा. मग पोरीची तासाभराची खणखणीत साक्षही पाण्यात. साक्षीदाराशी बोलायची तर टायपिस्टला सक्त मनाई. म्हणजे लिहिता येत नाही आणि सांगताही येत नाही. आणि हे वाक्य असंच राहिलं, तर निकाल काय येणार तो बाईने आधीच एकदा टाइप केलेला होता.

तिने साहेबांनी सांगितलं तेच टाइप केलं. "साक्षीदार यावर गप्प राहिली." मग नऊ पानं छापली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी आपोआप येणारी ओळ वाचली. "वरील जबाब साक्षीदारास वाचून दाखवला; तो बरोबर असल्याचे तिने मान्य केले." ही ओळ प्रत्येक जबाबाखाली असायची. वाचून मात्र कोणी कधी दाखवत नसे. शिपाई कागदावर बोट ठेवून म्हणायचा, इथे सही, आणि साक्षीदार सही ठोकून बाहेर पळायचा. सव्वीस वर्षांत बाईने ही ओळ हजारो वेळा छापली असेल, आणि दर वेळी ती खोटी होती. हे आजवर तिच्या डोक्यात आलं नव्हतं याचा तिला आता भयंकर राग आला, सगळ्यांचा आणि त्यात स्वतःचाही.

दुपारी कोर्ट भरलं. इस्त्रीवाली पुन्हा पिंजऱ्यात. शिपाई पानं घ्यायला आला, तर बाईने ती त्याच्या हाती दिलीच नाहीत. ती उभी राहिली. टायपिस्ट कोर्टात उभी राहते ती न्यायाधीश आत येताना आणि बाहेर जाताना, मधे कधी नाही. त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं.

"साक्षीदाराचा जबाब," बाईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मी लाँड्रीत गेली चार वर्षे काम करते..."

"बाई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"वाचून दाखवतेय, साहेब."

"कशाला?"

"खाली छापलंय, साहेब. वाचून दाखवला म्हणून. त्याखाली तुमची सही असते."

आता यावर न्यायाधीश काय बोलणार? नको वाचू, नुसतं छाप, असं भर कोर्टात कसं म्हणणार? त्यांनी घड्याळ पाहिलं. "आटपा लवकर."

बाईने लवकर वगैरे काही केलं नाही. वाचन असं की शेवटच्या बाकावरच्या माणसालाही प्रत्येक शब्द पोचावा. पहिलं पान, दुसरं, तिसरं. इस्त्रीवाली मान डोलावत होती. बरोबर. हेही बरोबर. दार डाव्या हाताला उघडतं, बरोबर. बाई सातव्या पानावर आली. 

"साक्षीदार यावर गप्प राहिली," तिने वाचलं आणि थांबली. पुढची ओळ वाचायला घेतलीच नाही.

इस्त्रीवालीने मान डोलावली नाही. "कशावर?" ती म्हणाली.

बाईने कागदावरून नजर काढली नाही.

"कशावर गप्प राहिली मी?"

"ते तुम्हाला माहीत आहे," साहेब म्हणाले.

"मला माहितीये. कागदाला कुठे माहितीये? उद्या हे वाचणारा काय म्हणेल? सोपं काहीतरी विचारलं असेल आणि हिला उत्तर देता आलं नाही, असंच म्हणेल ना?"

गोडबोल्या उठला. "साहेब, तो प्रश्न मी केव्हाच मागे घेतलेला आहे."

"तुम्ही प्रश्न मागे घेतला," इस्त्रीवाली त्याच्याकडे वळून म्हणाली, "मग माझं गप्प बसणंही मला परत द्या. ते का ठेवून घेतलंत?"

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. शिपाई ओरडला, शांतता! साहेबांनी कपाळ चोळलं. मग त्यांना वाटलं, सुटलो. "ठीक आहे. बाई, ते वाक्य काढून टाका. प्रश्न नाही, गप्प राहणंही नाही. झालं समाधान?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "मला विचारलंय ते. एवढ्या माणसांसमोर विचारलंय. घडलंच नाही असं कसं करता? दोन्ही लिहा."

"असं लिहिता येत नाही..."

"येतं, साहेब," बाई म्हणाली.

अरे बाप रे! शिपायाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी सावकाश मान वळवली. "तुम्ही वकील आहात का, बाई?"

"नाही, साहेब. टायपिस्ट आहे. म्हणून तर परिपत्रक वाचलंय. चाळीस प्रती काढल्यात मी त्याच्या. असा प्रश्न विचारला गेला तर शब्दशः नोंदवायचा, उत्तर असो वा नसो. तिसरा परिच्छेद. तुमच्या डावीकडच्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे."

सरकारी वकिलाला एकदम जाग आली. तो उठला, कोट सारखा केला आणि म्हणाला, "साहेब, सरकार पक्षाचंही तेच म्हणणं आहे." वा रे सरकार पक्ष! सकाळी कुठे झोपला होतास? पण असो, उठला हे काय कमी.

साहेबांनी डावीकडच्या कपाटाकडे पाहिलं, मग बाईकडे. "याचा लेखी खुलासा मला उद्या सकाळी टेबलावर हवा," ते म्हणाले.

"देते, साहेब."

मग ते गोडबोल्याकडे वळले, आणि आता त्यांचा आवाज कोरडा होता. "वकीलसाहेब, काय होता तुमचा प्रश्न? नोंदवून घेऊ."

"नेमके शब्द आता आठवत नाहीत, साहेब. सर्वसाधारण स्वरूपाचा होता."

बाईने वही उघडली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. रेशनची यादी वाचावी तशा सपाट आवाजात तिने वाचलं, "तुम्ही आधी एका ड्रायव्हरबरोबर राहत होता ना. लग्न झालं होतं. नव्हतं झालं. असू दे, असू दे. आणि त्याच्याआधी कोणी होतं का. म्हणजे एकूण किती. अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

सकाळी त्या आवाजातला मध ऐकू आला होता. आता मध नव्हता, आणि उरलं होतं ते इतकं ओंगळ होतं की गोडबोल्याचा स्वतःचा मदतनीस वकीलसुद्धा पायांकडे बघायला लागला. मुकादमाने कॉलर सैल केली. साहेबांनीही प्रश्न बहुतेक आता पहिल्यांदाच ऐकला; सकाळी त्यांच्या कानांत घड्याळ वाजत होतं.

"नोंदवा," ते म्हणाले. "प्रश्न शब्दशः. आणि त्यापुढे, साक्षीदार गप्प राहिली."

"थांबा," इस्त्रीवाली म्हणाली. "मी आता गप्प नाहीये. सकाळी सुचलं नाही, आता सुचलंय. उत्तर देऊ?"

गोडबोल्या घाईने म्हणाला, "साहेब, उत्तराची आवश्यकता नाही. प्रश्नच मुळात..."

"तुम्हीच विचारलात ना एकूण किती?" मुलगी म्हणाली. तिने कठडा सोडला होता. ते चट्टे पडलेले हात समोर मोकळे होते. "सांगते. अंदाजे नाही, नक्की सांगते. त्या दिवशी त्या गोदामात एकूण दोन माणसं होती. एक मी, एक हा. त्यातलं एकच माणूस नको म्हणत होतं. ती मी. बाकी कोण कधी होतं ते त्या खोलीत नव्हतं."

बाईच्या पेन्सिलीने शेवटचा शब्द टिपला.

साहेबांनी सवयीप्रमाणे घसा साफ केला. "घ्या बाई. साक्षीदाराचे म्हणणे असे की घटनेच्या वेळी सदर ठिकाणी केवळ..."

"घेतलंय, साहेब," बाई म्हणाली. "तिच्या शब्दांत घेतलंय."

ते थांबले. चौसष्ट प्रकरणांतली अजून पन्नास बाकी होती. त्यांनी बाईकडे पाहिलं, पिंजऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं आणि हात हलवला. "राहू द्या तसंच."

बाईने ते पान तिथेच, सगळ्यांसमोर टाइप केलं. खटखट खटखट! आज शेजारच्या कोर्टातून निरोप आला असता तरी ती हळू वाजवणार नव्हती. प्रश्न कागदावर गेला, त्यातला "अंदाजे" गेला, उत्तर गेलं. दुरुस्त केलेलं पान वाचून दाखवलं, पुढची दोनही वाचली. इस्त्रीवालीने प्रत्येक पानावर सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

"चला," साहेब म्हणाले. "वकीलसाहेब, उलटतपासणी पुढे चालू करा. दीड तास म्हणाला होतात."

गोडबोल्याने टिपणांचे कागद उचलले. पहिला वाचला, खाली ठेवला. दुसरा वाचला, तोही ठेवला. तिसऱ्यावर त्याची नजर थांबली आणि मग वर आली, ती नेमकी बाईवर. बाईने पेन्सिलीला टोक काढलं होतं, वहीचं नवं पान उलटलं होतं, आणि ती त्याच्याकडे अगदी आदराने बघत होती. बोला ना, वकीलसाहेब. एक शब्द सुटणार नाही.

त्याने कागद गोळा केले. "माझे आणखी प्रश्न नाहीत, साहेब."

"साक्षीदार, तुम्ही जाऊ शकता," साहेब म्हणाले.

इस्त्रीवाली हलली नाही. तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि गोडबोल्याकडे बघून म्हणाली, "विचारा की. मी अख्ख्या दिवसाची रजा टाकून आलेय."